टिपणे कोण घेणार?

पुण्याहून सकाळी निघणारी डेक्कन क्वीन बोरघाट उतरते आणि कर्जतमार्गे मुंबईकडे येताना बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आमची स्थानके न थांबता मागे टाकते. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही अनेक वर्षे ह्या गाडीने दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईस जात असत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते. १९४८-४९ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास करण्यास गेले, आणि त्याच दौऱ्यात शिकागो विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवूनही आले. विद्वानांची ही अल्पकालीन ये-जा नवी नाही. प्रश्न असा, की पाहुणा परतल्यावर यजमानाच्या घरात काय उरते?

हा प्रश्न आम्हांस पडला तो एका साध्या प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातील एका महाविद्यालयात अनुदानावर एक परदेशी प्राध्यापक आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन सारे यथासांग झाले. सभागृह भरावे म्हणून इतर वर्गांतील मुले आणून बसविली होती. व्याख्यान चांगले होते, असे पुढच्या रांगेत बसलेल्यांनी सांगितले. वर्षभराने आम्ही ग्रंथालयात त्या व्याख्यानांचे काही लिखित मिळेल काय, अशी चौकशी केली. कपाटातून एक फोटोंचा अल्बम निघाला. खर्चाचा हिशेब चोख होता. व्याख्यानांचे एक पानही नव्हते.

वस्तुतः ह्या बाबतीत आपल्याच मुंबईत एक उत्तम वस्तुपाठ घडून गेला आहे. १९४९ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून के. चंद्रशेखरन हे तरुण गणिती प्रिन्स्टनहून टाटा संस्थेत आले. संस्थेची आजची कुलाब्याची वास्तू तेव्हा व्हायची होती. तिचे उद्घाटन १९६२ सालचे. तोवर कारभार गेट वे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबात चालत असे. चंद्रशेखरन ह्यांनी प्रिन्स्टनमधील ओळखींच्या बळावर जगातले अव्वल गणिती मुंबईस बोलाविण्यास सुरुवात केली. पाहुण्याने दोन दिवसांत भाषण करून परतायचे नाही. दोन महिने वा अधिक काळ राहून एक विषय सलग शिकवायचा. आणि संस्थेतील एका तरुणाने ती व्याख्याने उतरवून, तपासून, ग्रंथरूपाने छापण्याजोगी करायची.

आमच्या मते सारे मर्म ह्या दुसऱ्या अटीत आहे. १९५० साली फील्ड्स पदक मिळविलेले लोराँ श्वार्ट्झ आले, तेव्हा त्यांची टिपणे घेतली एम. एस. नरसिंहन ह्यांनी, ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, १९६५ साली, ह्याच नरसिंहन ह्यांचे नाव सी. एस. शेषाद्री ह्यांच्यासह एका सिद्धांताला कायमचे जोडले गेले. जर्मनीचे कार्ल लुडविग झीगेल एकाहून अधिक वेळा आले. त्यांची १९५७ सालची टिपणे के. जी. रामनाथन ह्यांची आहेत, १९६१ सालची एस. राघवन ह्यांची.

सर्वांत बोलके उदाहरण सी. पी. रामानुजम ह्यांचे. (हे श्रीनिवास रामानुजन नव्हेत.) १९३८ साली जन्मलेले रामानुजम १९५७ साली संस्थेत दाखल झाले, आणि १९५९ साली माक्स डॉयरिंग ह्यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांच्या नावे छापून आली. पुढे रशियाचे शाफारेविच आले. त्यांची टिपणे १९६६ साली निघाली, आणि रामानुजम ह्यांनी आपल्या चुका दुरुस्त केल्या, नुसत्या उल्लेखलेल्या गोष्टींच्या सिद्धताही भरून काढल्या, अशी कबुली खुद्द शाफारेविच ह्यांनी दिली. १९६७-६८ साली डेव्हिड ममफर्ड ह्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून १९७० साली जो ग्रंथ सिद्ध झाला, त्यात रामानुजम ह्यांचे परिशिष्ट आहे. टिपणे घेणारा हा असा पाहुण्याच्या बरोबरीने बसू लागला. टिपणे घेणे म्हणजे लेखनिकी नव्हे. जे कळले नाही ते लिहिता येत नाही, आणि लिहिण्यासाठी ते पाहुण्यास विचारावेच लागते.

पवईची कथा निराळी, पण धडा तोच. मुंबईच्या आयआयटीचे पहिले सत्र २५ जुलै १९५८ रोजी वरळीत शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत साहाय्याखाली १९५६ ते १९७३ ह्या काळात ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ तेथे आले; त्याचबरोबर इथल्या अध्यापकांसाठी सोव्हिएत संघात जाऊन शिकण्याच्या २७ शिष्यवृत्त्याही होत्या. पाहुणा जाणार हे गृहीत धरून त्याच्या जागी उभा राहणारा माणूस घडविण्याची तजवीज आधीच केलेली होती.

ह्यावर आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हांस मान्य आहे. टाटा संस्थेपाशी भाभांचा शब्द होता, सरकारचा पैसा होता, देशभरातून निवडलेली मुले होती. शिवाय संशोधन विद्यापीठांबाहेर नेल्याने महाविद्यालये कोरडी पडली, ही टीकाही खोटी नाही. यॉट क्लबात श्वार्ट्झ शिकवीत होते, तेव्हा फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले उल्हासनगर पोटापाण्याच्या विवंचनेत होते. त्या दोन जगांत लोकलचे अंतर दीडेक तासाचे. खरे अंतर फार मोठे.

पण टिपणे घेण्यास भाभा लागत नाहीत. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'ग्यान' योजनेत परदेशी अध्यापकास १२ ते १४ तासांच्या अध्यापनासाठी ८,००० डॉलरपर्यंत, तर २० ते २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत रक्कम ठरविण्यात आली होती. त्या मानाने एक वही, एक जिज्ञासू विद्यार्थी आणि त्याची महिनाभराची मोकळीक ह्यांचा खर्च तो काय? आमचे म्हणणे एवढेच, की निमंत्रणपत्र लिहिण्याआधी यजमानाने टिपणकाराचे नाव ठरवावे. ते ठरत नसेल, तर पाहुण्यास तूर्त बोलावू नये. आधी तो विद्यार्थी तयार करावा.

त्या जुन्या टिपणांपैकी बरीच आज टाटा संस्थेच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतात. बदलापूरची एखादी मुलगी घरी बसून झीगेल वाचू शकते. ती व्याख्याने ऐकलेले बहुतेक जण आज नाहीत, देणारेही नाहीत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका तरुणाने वहीत उतरवून घेतले, म्हणूनच ते तिच्यापर्यंत पोहोचले.