गुलाबी बोंडअळीतील बीटी प्रतिकारक्षमता

गुलाबी बोंडअळीतील बीटी प्रतिकारक्षमता म्हणजे बीटी कापसातील विषारी प्रथिने खाऊनही जिवंत राहण्याची या किडीत आलेली आनुवंशिक क्षमता होय. भारतात ती प्रथम गुजरातमध्ये आढळली व पुढे महाराष्ट्रासह मध्य आणि दक्षिण भारतातील कापूसपट्ट्यात पसरली. कीडप्रतिकारक वाण कालांतराने निष्प्रभ का होते, याचे हे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.

किडीची ओळख

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. अंड्यातून बाहेर पडलेली अळी पाती, फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते. प्रादुर्भाव झालेले फूल पूर्ण उमलत नाही; अशा फुलांना ‘डोमकळ्या’ म्हणतात. बोंडात शिरल्यावर प्रवेशाचे छिद्र बुजते, त्यामुळे बाहेरून केलेली फवारणी अळीपर्यंत पोहोचत नाही. अळी आतील सरकी खाते व रुईची प्रत खालावते. हंगाम संपल्यावर ती सरकीत, पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत किंवा जमिनीत सुप्तावस्थेत राहते.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकापासून कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा वापर वाढला. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकन बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली आणि फवारण्यांची संख्या व खर्च दोन्ही वाढले. या पार्श्वभूमीवर मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाने बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस मान्यता दिली. या कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे क्राय१एसी प्रथिन तयार करणारे जनुक होते. हे वाण मोन्सँटोच्या तंत्रज्ञानावर आधारित असून जालन्याच्या महिको कंपनीने ते भारतात आणले. २००६ मध्ये क्राय१एसी व क्राय२एबी ही दोन प्रथिने असलेल्या ‘बोलगार्ड-२’ ला मान्यता मिळाली. दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटी वाणांखाली आले.

प्रतिकारक्षमतेचा उदय

मार्च २०१० मध्ये गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड व राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने क्राय१एसीला प्रतिकारक्षमता मिळवल्याचे मोन्सँटोने जाहीर केले. २०१४-१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ च्या बोंडांतही जिवंत अळ्या मोठ्या प्रमाणात आढळू लागल्या. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या पाहणीतून दोन्ही प्रथिनांविरुद्धची प्रतिकारक्षमता स्पष्ट झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कापसाचे मोठे नुकसान झाले.

कारणमीमांसा

अळी विष खाऊन हळूहळू त्याला सरावते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. किडीच्या मोठ्या संख्येत जनुकीय बदल असलेल्या मोजक्या अळ्या आधीपासूनच असू शकतात. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहींना चिकटून परिणाम करते. ग्राहीची रचना बदललेल्या अळीवर ते प्रभावी ठरत नाही. इतर अळ्या मरतात, ही मात्र वाचते व तिचीच संतती वाढते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

गुलाबी बोंडअळीत ही निवड विशेष वेगाने झाली. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. तिथे तिचा बीटी प्रथिनाशी संबंध येत नाही. गुलाबी बोंडअळी मात्र प्रामुख्याने कापसावरच अवलंबून असते. हंगामाच्या उत्तरार्धात झाडातील प्रथिनाचे प्रमाण घटते, आणि नेमका तोच या किडीचा काळ असतो. पाणी देऊन जानेवारीनंतरही ‘फरदड’ ठेवल्याने किडीला अखंड खाद्य मिळाले.

आश्रय ओळी

प्रतिकारक्षमता लांबवण्यासाठी बीटी कापसाच्या भोवती एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा ५ ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढा बिगरबीटी कापूस लावणे बंधनकारक होते. शेतकरी या बियाण्याला ‘रेफ्युजी’ म्हणतात. या ओळींत वाढलेल्या सर्वसाधारण पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होतो. प्रतिकारक्षमता बहुधा अप्रभावी गुणधर्म असल्याने त्यांची संतती बीटी कापसावर मरते. परंतु लहान जमीनधारकास किडीसाठी पीक सोडणे परवडणारे वाटले नाही, आणि सोबत दिलेले हे बियाणे अनेकदा पेरलेच गेले नाही. पतंग बांध ओळखत नाहीत. त्यामुळे एकट्यादुकट्याने आश्रय ओळी लावून उपयोग मर्यादितच राहिला.

परिणाम

बियाण्याचा खर्च कायम राहून फवारणीचा व वेचणीचा खर्च वाढला, तर उत्पादन व प्रत घटली. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात राज्य शासनाने नुकसानग्रस्तांसाठी मदत जाहीर केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या सर्व फवारण्या केवळ गुलाबी बोंडअळीसाठी नव्हत्या. तथापि कीटकनाशकांवरील अवलंबित्व पुन्हा वाढल्याचे गांभीर्य त्यातून समोर आले.

व्यवस्थापन

हंगामपूर्व लागवड टाळणे, कमी कालावधीचे वाण निवडणे, फरदड न घेणे आणि पऱ्हाट्या व किडकी बोंडे नष्ट करणे हे मुख्य उपाय होत. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजतात. डोमकळ्या वेचून नष्ट करणे, निंबोळी अर्क व ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक यांचाही उपयोग होतो. अमेरिकेत बीटी कापूस, आश्रय क्षेत्र, वंध्य पतंगांचे प्रसारण व पऱ्हाट्यांची विल्हेवाट यांच्या एकत्रित कार्यक्रमानंतर २०१८ मध्ये या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

अन्य पिके

हेच तत्त्व भातालाही लागू पडते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे ‘आयआर-२६’ हे वाण १९७३ मध्ये तपकिरी तुडतुड्यांना प्रतिकारक म्हणून प्रसारित झाले. काही वर्षांतच त्यावर जगणारे तुडतुडे प्रबळ झाले. त्यामुळे कापूस न पिकवणाऱ्या, पण भातावर अवलंबून असलेल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूरसारख्या तालुक्यांसाठीही एकाच वाणावर किंवा एकाच गटातील कीटकनाशकावर विसंबून न राहणे महत्त्वाचे ठरते.