दोन गुंठ्यांतला अल्फा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत कालव्याचं पाणी जिथे पोचलं नाही, तिथे अजून माळ शिल्लक आहे. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनच बाभळ, आणि चरायला आलेली धनगरांची मेंढरं. या माळावर लांडगाही आहे. पण लांडग्याच्या नावावर हल्ली मोबाइलवरून जी गोष्ट फिरते, ती या माळावरची नाही. टोळीत एक 'अल्फा' नर असतो, तो बाकीच्यांना लढून नमवतो आणि माद्या त्याच्याच वाट्याला येतात. माणसांतही हेच चालतं, तेव्हा पुरुषाने अल्फा व्हावं, नाहीतर दुसऱ्याचं पोर पोसत बसावं. अशी ती गोष्ट. तिचा माग कागदांवरून बराचसा काढता येतो.

सर्वांत जुना कागद आपल्याच मुलखाचा आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनीचा लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्याने केलेली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापली गेली. इथल्या लांडग्याला 'कॅनिस पॅलिपिस' हे शास्त्रीय नाव मिळालं ते याच यादीत, आणि साइक्सने मराठी नावही शेजारी नोंदवून ठेवलं. उघड्या, दगडाळ माळावर हे प्राणी पुष्कळ, घाटातल्या रानात मात्र नाहीत, असं तो लिहितो. टिपण त्रोटक आहे. टोळीत राज्य कोणाचं, या प्रश्नात साइक्सला रस नाही.

तो रस पुढे युरोपात उत्पन्न झाला, आणि तोही आधी कोंबड्यांवरून. १९२२ मध्ये नॉर्वेच्या थोरलाइफ श्येलडेरुप-एब्बे याने खुराड्यात कोण कोणाला टोचतं याची उतरंड मांडली. त्या उतरंडीत माद्या होत्या, हे पुढे सोयीने विसरलं गेलं. उतरंड नेहमी सरळ नसते, पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलटून पहिलीला, हेही त्यानेच टिपलं होतं.

खरा मूळ कागद १९४७ चा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल याने लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि दीर्घ जर्मन लेख लिहिला. लेख कष्टाचा आहे. शेपटी, कान, ओठ यांच्या हालचालींतून लांडगा काय व्यक्त करतो, याची बारीक वर्णनं आजही उपयोगी पडावीत. पण जागा पाहा: सुमारे १० मीटर रुंद, २० मीटर लांब. म्हणजे आपल्या मोजणीने जेमतेम दोन गुंठे, आणि त्यात दहापर्यंत लांडगे. मोठं झालेलं पिल्लू एरवी टोळी सोडून निघून जातं. इथे त्याने जायचं कुठे? मग भांडणं होणारच. दुसरं असं, की शेंकेलने नरांची आणि माद्यांची अशा दोन उतरंडी सांगितल्या आणि दोन्हींच्या टोकाला मिळून एक जोडी दाखवली. अल्फा म्हटलं ते त्या दोघांनाही. एकटा नर राजा शेंकेलच्या लेखात सापडत नाही, तो नंतरच्या वाचकांनी घडवला.

हे सगळं इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या पुस्तकाने. ते खूप खपलं. मग १९८६ पासून मेक दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ राहू लागले. तिथे त्यांना दिसलं ते साधं कुटुंब: आई, बाप आणि एकदोन वर्षांची पोरं. शिकार करून आलेले मोठे पोटातलं ओकून पिल्लांना भरवतात. पोरं वयात आली की जोडीदार शोधायला बाहेर पडतात, बापाला पाडून गादी मिळवत नाहीत. १९९९ च्या निबंधात मेक यांनी हे स्पष्ट मांडलं आणि स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. पुस्तक तरीही बरीच वर्षं छापलं जात राहिलं.

प्राण्यांत उतरंड नसतेच असं मात्र नाही. वानरांच्या टोळीत बाहेरचा नर येऊन जुन्याला हुसकावतो आणि पिल्लं मारली जातात, हे युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ नोंदवलं. पण सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर १९७७ मध्ये लिहिलं, त्यात माद्या मुकाट्याने जेत्याच्या वाट्याला जाणाऱ्या नाहीत. त्या इतर नरांशीही संग करतात, आणि बाप कोण हे संदिग्ध ठेवण्यात पिल्लांचं रक्षण असावं, असं हर्डी यांचं म्हणणं.

आता माणसांचं. दहातलं एक मूल नावापुरत्या बापाचं असतं, हा आकडा ठोकून सांगितला जातो. २००६ मध्ये करमिट अँडरसन यांनी जगभरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र केले. ज्यांना आधीच संशय होता आणि त्यापायी प्रयोगशाळा गाठली, अशा पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के भरलं. ज्यांना खात्री होती, त्यांच्यात २ टक्क्यांहूनही कमी. २०१६ मध्ये मार्टेन लार्मूसो आणि सहकाऱ्यांनी मागच्या काही शतकांच्या वंशावळी व गुणसूत्रं ताडून पाहिली. तिथेही एकदोन टक्केच. संशयितांचा आकडा साऱ्या समाजाला लावणं आणि दोन गुंठ्यांतल्या लांडग्यांवरून रानातल्यांची पारख करणं, चूक एकाच जातीची.

साइक्सच्या लांडग्याबद्दलचा ताजा कागद २०२३ चा आहे. पुण्याच्या भोवतालच्या माळांवर वेगळ्याच पिवळसर रंगाचे लांडगे हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांत आले होते. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी झाली आणि लांडगा-कुत्रा संकर भारतात पहिल्यांदाच जनुकीय पुराव्याने सिद्ध झाला. माळ तुटत गेला, शेताच्या आणि गावाच्या कडेला मोकाट कुत्री वाढली, की जोडीदार शोधत निघालेल्या तरण्या लांडग्याला लांडगा भेटण्याआधी कुत्राच भेटण्याचा संभव वाढतो. मग तो कितीही दांडगा असो.