आवृत्तिबदल, रेप्लिकेशनचा

एका डेटाबेसमधला प्रत्येक बदल दुसऱ्या सर्व्हरवरील प्रतीत आपोआप उतरवत राहणे म्हणजे रेप्लिकेशन. हे काम करणारे सॉफ्टवेअर एका मोठ्या आवृत्तीवरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर नेणे म्हणजे आवृत्तिबदल. छोट्या आवृत्तीत दोष दुरुस्त होतात. मोठ्या आवृत्तीत नोंदी ठेवण्याची घडणच बदलू शकते, आणि मग जुन्याचे लिखाण नव्याला वाचता येत नाही.

महसूल खात्याला हा पेच संगणकाआधीपासून ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या तलाठी दप्तरांत हस्तलिखित सातबाऱ्याचे साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. चालू नोंदी नव्या वहीत उतरायच्या, जुनी वही अभिलेख कक्षात जायची. ‘इतर हक्क’ या रकान्यातले कूळ नव्या वहीत यायचे राहिले, तर जुन्या वहीवाचून निवाडा नाही. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळतो का, हे पाहण्यासाठी 2017 साली राज्यात गावोगाव चावडी वाचन, म्हणजे गावकऱ्यांसमोर नोंदींचे जाहीर वाचन, झाले. संगणकवालेही प्रत अशीच मुळाशी ताडून पाहतात. ते ओळी मोजतात, बेरजा जुळवतात.

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधील भौतिक (साठवणीतले बदल जसेच्या तसे नेणाऱ्या) रेप्लिकेशनला दोन्हीकडे एकच मोठी आवृत्ती लागते. 2017च्या 10व्या आवृत्तीपासून आलेले तार्किक (ओळींतले बदल नेणारे) रेप्लिकेशन वेगवेगळ्या आवृत्त्यांतही चालते. म्हणून जुना सर्व्हर चालू ठेवून शेजारी नवा उभारतात, प्रत भरू देतात, दोन्ही जुळले की लिखाण थोडा वेळ थांबवून वापरकर्ते नव्याकडे वळवतात. खाचखळगे मात्र आहेत. तक्त्याच्या रचनेतले बदल या वाटेने येत नाहीत. प्राथमिक कळ नसलेल्या तक्त्यातली दुरुस्ती अडते. प्रत मागे पडली, की तिच्यासाठी राखलेला बदलांचा लॉग साचून मूळ सर्व्हरचीच डिस्क भरू शकते. सर्वांत फसवी गोष्ट क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सची: 18व्या आवृत्तीपर्यंत त्या आपोआप पुढे सरकत नाहीत. सातबाऱ्याचे फेरफार क्रमांक असे दिले जात असतील, तर नवा सर्व्हर पुन्हा एकपासून मोजू लागेल.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रती नव्या करतात, मूळ सर्व्हर शेवटी. नव्या आवृत्तीच्या मूळ सर्व्हरकडून जुन्या आवृत्तीच्या प्रतीकडे रेप्लिकेशनला सर्वसाधारणपणे अधिकृत आधार नसतो, त्यामुळे परतीची वाट लिखाण वळवण्याआधीच ठरवावी लागते.

स्लोनी (रशियन भाषेत ‘हत्ती’) हे पोस्टग्रेएसक्यूएलचे जुने रेप्लिकेशन सॉफ्टवेअर. त्याच्या 1.2वरून 2.0वर जाताना जुनी मांडणी मोडून नव्याने उभारावी लागे. मोठा डेटा पुन्हा वाहून नेणे टाळण्यासाठी ‘प्रत भरू नको’ असा पर्याय दिला गेला. तो वापरताना दोन्हीकडची माहिती तंतोतंत एक असायला हवी. ती तशी आहे की नाही, हे स्लोनी स्वतः तपासत नाही.