सीमारेषेवरील पीएच.डी. प्रबंधांचे मूल्यमापन

सीमारेषेवरील प्रबंध म्हणजे ज्याविषयी स्वीकृतीचा किंवा अस्वीकृतीचा निर्णय परीक्षकाला सहजासहजी देता येत नाही, असा पीएच.डी.चा प्रबंध होय. अशा प्रबंधात परिश्रम दिसतात, परंतु युक्तिवाद विस्कळीत असतो, सैद्धान्तिक पाया कच्चा असतो किंवा निष्कर्षांना पुरेसा आधार नसतो.

परीक्षकांची दृष्टी

जेरी मलिन्स आणि मार्गारेट कायली यांनी ऑस्ट्रेलियातील ३० अनुभवी परीक्षकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रबंध उत्तीर्ण होईल अशाच अपेक्षेने हे परीक्षक वाचनास आरंभ करतात, असे त्यात आढळले. संशोधकाने वेचलेल्या वर्षांची जाणीव असल्यामुळे ते नापसंतीची शिफारस करण्यास नाखूष असतात. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्यांचे प्राथमिक मत तयार होते. संदर्भांतील व मुद्रणातील निष्काळजीपणा दिसल्यास मूळ संशोधनही तसेच असावे, अशी शंका बळावते.

दुरुस्ती की अस्वीकृती?

दोष लेखनाचा आहे की संशोधनाचा, हा येथील कळीचा प्रश्न असतो. अपुरा संदर्भ, सदोष प्रकरणरचना किंवा अतिव्याप्त विधान पुनर्लेखनाने सुधारता येते. मूळ प्रश्नाशी विसंगत अशा पद्धतीने सामग्री जमविली असल्यास मात्र केवळ भाषिक दुरुस्ती पुरत नाही.

भारतातील तरतूद

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मार्गदर्शक आणि संस्थेच्या सेवेत नसलेले किमान दोन बहिःस्थ परीक्षक प्रबंधाचे मूल्यमापन करतात. दोन्ही बहिःस्थ परीक्षकांनी स्वीकृतीची शिफारस केल्यास, त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्यांनंतर, मौखिक परीक्षा होते. एकाने अस्वीकृती सुचविल्यास प्रबंध मान्य नामिकेतील पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्याचाही अभिप्राय प्रतिकूल असल्यास प्रबंध फेटाळला जातो आणि संशोधक पदवीस अपात्र ठरतो.

मौखिक परीक्षेचे स्थान

ब्रिटनमध्ये परीक्षक आधी लेखी अहवाल देतात, मात्र अंतिम शिफारस मौखिक परीक्षेनंतर करतात. त्यामुळे शंकास्पद भागाचे स्पष्टीकरण देण्याची संधी संशोधकाला मिळते. भारतात प्रतिकूल अहवाल कायम राहिल्यास प्रबंध मौखिक परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. परिणामी सीमारेषेवरील प्रबंधाचे भवितव्य लिखित मजकुरावरच ठरते. म्हणूनच कोणता दोष कोठे आहे व तो दुरुस्त होण्याजोगा आहे का, हे स्पष्टपणे सांगणारा अहवाल संशोधकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा असतो.