एका ताटाची साक्ष

इ. स. १७०७ च्या उन्हाळ्यात पंचवीस वर्षांचा एक तरुण नर्मदा ओलांडून दक्षिणेस आला. हा संभाजी महाराजांचा पुत्र शाहू, असे त्याचे सोबती सांगत होते. पण ते खरे कशावरून मानावे?

१६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचा होता. मातोश्री येसूबाईंसह तो मोगलांच्या हाती लागला आणि पुढली सुमारे साडेसतरा वर्षे त्याने औरंगजेबाच्या कैदेत काढली. जुन्या जाणत्यांच्या स्मरणात होते ते एक बालक. समोर उभा होता तो पुरता वाढलेला पुरुष. बादशहाच्या मृत्यूनंतर त्याला सोडले तेही आझमशहाने, मराठ्यांत दुही माजावी या हेतूने. राजारामांच्या मागे सात वर्षे राज्य राखणाऱ्या ताराबाईंनी हा तोतया आहे असे म्हटले. त्यात आपल्या पुत्राच्या गादीची चिंता होतीच. तरी संशय अगदीच निराधार नव्हता.

अशा वेळी शिक्का-मोर्तबाचा उपयोग नव्हता. शिक्क्यावरून पत्राची पारख होते. शिक्का हाती धरणारा माणूस खरा की खोटा, हे शिक्का सांगत नाही. त्यासाठी कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन भेटावे लागते.

वऱ्हाडाकडील परसोजी भोसले असे भेटले, आणि सर्वांदेखत शाहूंबरोबर एका ताटात जेवले, असे परंपरा सांगते. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे याचे कडक निर्बंध असलेल्या त्या काळी, तोतयाबरोबर जेवणे म्हणजे साऱ्या कुळाला बट्टा. परसोजींनी आपली अब्रूच साक्षीस ठेवली. शाहूंना न ओळखणारे लोक परसोजींना ओळखत होते. तेवढ्यावर त्यांचा विश्वास बसला. त्याच वर्षी ऑक्टोबरात खेडच्या रणांगणावर धनाजी जाधवांनी शाहूंचा पक्ष धरला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी सातारा येथे शाहूंचा राज्याभिषेक झाला.

साक्ष ढिली पडली तर काय होते, तेही मराठ्यांनी पाहिले. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया पुढे आला. तो उघडा पडून कैदेत गेला. तरीही १७७६ मध्ये कोकणात त्याच्याभोवती फौज जमली. अखेर त्याला देहदंड झाला, पण तोवर पुष्कळ रक्त सांडले होते.

आज गुरुग्रामच्या कचेरीतला संगणकतज्ज्ञ कधीही न पाहिलेल्या माणसांबरोबर काम करतो. १९९१ मध्ये फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थाने सामान्यांसाठी गुप्तलेखनाची एक संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यातील किल्ली अमक्याचीच, हे किल्लीवरून कळत नाही. म्हणून माणसे समोरासमोर भेटतात, ओळखपत्र पाहतात, किल्लीची ओळखखूण अक्षर-अक्षर वाचून ताडून घेतात, आणि मगच एकमेकांच्या किल्लीवर सही करतात. दूरचा तिसरा त्या सहीवर विसंबतो, जसे मराठे परसोजींवर विसंबले.

मात्र परसोजींच्या साक्षीमागे त्यांचे कुळ उभे होते. भिडेखातर, न पाहता केलेल्या सहीमागे काहीच नसते; आणि तिची किंमत मोजावी लागते ती त्या दूरच्या तिसऱ्याला.