फर लोकरीचे विणकाम

फर लोकरीचे विणकाम म्हणजे केसाळ किंवा मखमली धाग्याने दोन सुयांवर केलेले हातविणकाम होय. या धाग्याचे प्रामुख्याने मफलर विणले जातात. टोप्या, शाली तसेच स्वेटरच्या गळ्याच्या व बाह्यांच्या कडा यांसाठीही तो वापरतात. दुकानात हा धागा 'फर लोकर' किंवा 'फॅन्सी लोकर' म्हणून मागितला जातो. प्रत्यक्षात त्यात बहुधा लोकरीचा अंशही नसतो. तो पॉलिएस्टर, नायलॉन अथवा अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम तंतूंचा असतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. विणलेल्या वस्त्राची ऊब, त्याची धुलाई आणि त्यापासून संभवणारे धोके या सर्व गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

धाग्याची रचना

साध्या लोकरीत अनेक तंतूंना एकत्र पीळ दिलेला असतो. फर लोकरीत मध्यभागी एक बारीक, बळकट गाभा असतो आणि त्यातून आखूड तंतू आडवे बाहेर आलेले असतात. हे तंतू पापणीच्या केसांसारखे दिसतात, म्हणून या धाग्याला आयलॅश यार्न असेही म्हणतात. शनीलच्या धाग्याची घडण वेगळी आहे. त्यात दोन धाग्यांच्या पिळामध्ये आखूड तंतू पकडलेले असतात व चारही बाजूंनी दाट लव येते. शनील हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ सुरवंट असा आहे, आणि धाग्याकडे पाहिल्यावर तो पटतो. बुकले धाग्यावर केसांऐवजी वेटोळी असतात.

निसर्गतः केसाळ धागेही आहेत. मोहेर हा अंगोरा जातीच्या शेळीच्या केसांपासून, तर अंगोरा हा त्याच नावाच्या सशाच्या केसांपासून बनतो. शेळी आणि ससा यांच्या नावांतील या सारखेपणामुळे दोन्ही धाग्यांची नेहमी गल्लत होते. दोन्ही महाग असल्यामुळे महाराष्ट्रात घरगुती विणकामात ते क्वचितच दिसतात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिका व युरोपात फर लोकरीच्या मफलरांची लाट आली होती. नव्याने सुया हाती घेणाऱ्या अनेकींनी पहिला मफलर याच धाग्याचा विणला. ती लाट ओसरली. धागा मात्र बाजारात टिकून राहिला.

मफलर विणण्याची रीत

या धाग्यावर नक्षी उठून दिसत नाही. वेण्या, जाळी, उलट-सुलट टाक्यांचे चौकडे हे सारे लवेखाली झाकले जाते; त्यामुळे अवघड वीण घालण्यात श्रम वाया जातात. सर्व ओळी सुलट विणणे हीच येथे योग्य वीण होय. एक ओळ सुलट व एक उलट अशा विणीचे कापड कडेने गुंडाळले जाते आणि त्याची लव उलट बाजूकडे अधिक जाते. सर्व ओळी सुलट विणल्यास मफलर सपाट राहतो व दोन्ही बाजूंनी सारखा केसाळ दिसतो.

सुया जाड घ्याव्या लागतात. ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या सुया चालतात. जुन्या ब्रिटिश क्रमांकाप्रमाणे पाहिल्यास ६ मिलिमीटरची सुई ४ नंबरची आणि ८ मिलिमीटरची शून्य नंबरची असते. या पद्धतीत नंबर वाढत गेला की सुई बारीक होते, हे नवशिक्याला आधी सांगून ठेवावे लागते. बारीक सुईवर वीण घट्ट बसते, केस टाक्यांत अडकतात आणि मफलरला दोरखंडाचा ताठरपणा येतो. सुयांच्या जाडीनुसार १५ ते २० टाके घालून सुमारे दीड मीटर लांबीपर्यंत विणल्यास प्रौढ व्यक्तीस पुरेल असा मफलर होतो. गाभा फारच बारीक असेल तर त्याच रंगाची साधी लोकर जोडीला घेऊन दोन्ही धागे एकत्र विणतात. त्यामुळे मफलरला अंग येते व टाकाही थोडा स्पष्ट दिसतो.

टाका न दिसणे हाच या कामातील खरा प्रश्न आहे. 'सोपी वीण, पहिल्या मफलरला उत्तम' अशी या धाग्याची शिफारस केली जाते. ती अर्धीच खरी आहे. वीण सोपी असते आणि कमी-अधिक ताणामुळे आलेला ओबडधोबडपणा लव झाकून टाकते. परंतु सुटलेला टाकाही ती तितक्याच सहजपणे झाकते. साध्या लोकरीत सुटलेल्या टाक्याची शिडी लगेच डोळ्यांत भरते. येथे ती बऱ्याच ओळींनंतर, मफलर अरुंद होऊ लागल्यावर कळते. उसवायला जावे तर शेजारच्या ओळींचे केस एकमेकांत गुंतलेले असतात आणि जोराने ओढल्यास गाठ बसते. यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजावेत. डोळ्यांपेक्षा बोटांनी चाचपून मोजणे अधिक सोयीचे. उसवावे लागलेच तर एकेक टाका सुईने सैल करून हळूहळू उसवावे. पहिली दहा-बारा बोटे साध्या, फिक्या रंगाच्या लोकरीवर विणून हात बसल्यावरच फर लोकर घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

शेवटी टाके सैल बंद करावेत. धाग्याची टोके लवेत सहज लपतात. टाक्यांत दबलेले केस सुईच्या टोकाने किंवा विरळ दातांच्या फणीने अलगद बाहेर काढतात.

महाराष्ट्रातील व मुळशी परिसरातील स्थिती

दोन सुयांवरचे विणकाम महाराष्ट्रात ब्रिटिश काळात, मुख्यतः मिशनच्या व मुलींच्या शाळांतील हस्तव्यवसायाच्या तासांमधून पसरले. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांसाठी घरोघरी स्वेटर व मफलर विणले गेले. एरवी घरातील विणकामाचा मोठा भाग बाळाची टोपडी, मोजे आणि स्वेटर यांचा असे. हातविणकामाची गिरणीची लोकर मुख्यतः लुधियानाहून येते. पुण्यात ती तुळशीबाग व रविवार पेठ या भागांतील दुकानांत मिळते.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुक्यात, पौडपासून ताम्हिणी घाटापर्यंत, हिवाळ्यातील पहाटे चांगल्याच गार असतात आणि कानाला मफलर गुंडाळलेली माणसे सर्वत्र दिसतात. तरीही या मफलरांत जवळपासची लोकर नसते. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पावसात दख्खनी मेंढी तग धरत नाही. तिचे कळप पूर्वेकडील कोरडवाहू भागात असतात आणि पावसाळा सरल्यावर त्यांपैकी काही घाट उतरून कोकणात जातात. या मेंढीची लोकर जाड व राठ असते. मेरिनो लोकरीचा तंतू साधारणपणे २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, तर सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेला टोचतात. दख्खनी लोकर या दुसऱ्या गटात मोडत असल्याने गळ्याशी येणाऱ्या मफलरासाठी ती चालत नाही. घोंगडीसाठी मात्र तीच लागते. हातमागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस बराच वेळ अडवते. तिची खोळ करून डोक्यावरून घेण्याची रीत मावळात जुनी आहे. घोंगडीचा वापर घटल्यापासून या लोकरीला भाव उरलेला नाही आणि कातरणीनंतर ती पुष्कळदा फेकून दिली जाते. लोकर टाकून देणाऱ्या जिल्ह्यातच लोकर नसलेली 'लोकर' बाहेरून आणून विणली जाते, अशी ही विसंगती आहे.

निगा व दक्षता

फर लोकरीचे मफलर गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावेत, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावेत. ओला मफलर दोरीवर लोंबता टाकल्यास लांबतो. इस्त्री करू नये. कृत्रिम तंतू वितळतात. याच कारणाने चूल, शेकोटी किंवा गॅसजवळ मफलरची टोके मोकळी सोडू नयेत. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही व आगीपासून दूर केल्यावर बहुधा विझते. कृत्रिम धागा मात्र वितळून कातडीला चिकटतो. तान्ह्या मुलांसाठी हा धागा वापरू नये. त्याचे केस सुटून नाका-तोंडात जातात, आणि बाळाच्या गळ्याभोवती मफलर मुळातच धोकादायक असतो.