आठ लेखांचा खटला

वैद्यकशास्त्रांतील नवें ज्ञान प्रथम ग्रंथांत येत नाहीं; तें मासिकांत व त्रैमासिकांत येतें. ग्रंथ लिहून, तपासून, छापून बाहेर पडेपर्यंत त्यांतील बरेंच ज्ञान शिळें झालेलें असतें. म्हणून रुग्णालयाच्या ग्रंथपालाकडे येणारा डॉक्टर बहुधा पुस्तक मागत नाहीं, एक लेख मागतो. आणि तो लेख त्याला आज हवा असतो, कारण रोगी आज खाटेवर असतो. या साध्या मागणींतून अमेरिकेंत एक असा वाद उभा राहिला कीं, त्याचा निकाल लागण्यास सात वर्षें लागलीं, आणि देशाचें सर्वांत मोठें वैद्यकीय ग्रंथालय त्यांत प्रतिपक्षाच्या बाजूस येऊन बसलें. कॉपीराइट म्हणजे ग्रंथस्वामित्वाचा हक्क हा वैद्यकीय ग्रंथपालाच्या रोजच्या कामांत कसा शिरला, याचा इतिहास बव्हंशीं या एका खटल्याचाच इतिहास आहे.

तें ग्रंथालय मुळांत अगदीं लहान होतें. इ. स. १८३६ मध्यें अमेरिकन लष्कराच्या सर्जन जनरलच्या कचेरींत वैद्यकीय पुस्तकांचा लहानसा संग्रह होता, तोच त्याचा आरंभ. यादवी युद्ध संपल्यावर जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टराकडे तो संग्रह आला आणि त्याचें भाग्य पालटलें. इ. स. १८६७ मध्यें तो वॉशिंग्टन येथील फोर्डच्या नाटकगृहाच्या इमारतींत हलविण्यांत आला. अध्यक्ष लिंकन यांच्यावर दोन वर्षांपूर्वीं गोळी झाडली गेली ती याच वास्तूंत. बिलिंग्ज यांनीं नुसता संग्रह वाढविला नाहीं. इ. स. १८७९ मध्यें त्यांनीं 'इंडेक्स मेडिकस' ही सूची सुरू केली. जगांतील वैद्यकीय नियतकालिकांत कोणता लेख कोठें आला आहे, तें या सूचींत विषयवार सांगितलेलें असे.

सूचीचा एक परिणाम त्या वेळीं फारसा कोणाच्या ध्यानांत आला नसावा. जो लेख अस्तित्वांत आहे हेंच ठाऊक नाहीं, तो कोणी मागत नाहीं. सूची हातीं आल्याबरोबर दूरच्या गांवींचा डॉक्टरहि नेमका खंड, नेमकें पान सांगून लेख मागूं लागला. आणि तें मासिक त्याच्या गांवच्या ग्रंथालयांत नसे. तेव्हां मूळ खंडच उसना धाडावा लागे. खंड टपालांत गहाळ होई, महिनामहिना परत येत नसे, आणि तेवढ्या काळांत जागेवर येऊन वाचणाऱ्यास विन्मुख जावें लागे. इ. स. १९३० नंतरच्या दशकांत या अडचणीवर उपाय निघाला. ॲथर्टन सायडेल या रसायनशास्त्रज्ञाच्या खटपटीनें लष्करी वैद्यकीय ग्रंथालयांत लेखांचीं सूक्ष्म छायाचित्रें फितीवर घेऊन तीं धाडण्याची सोय झाली. खंड जागेवर राहिला, लेख प्रवासास निघाला.

यांत कोणाचा हक्क बुडतो काय, हा प्रश्न तेव्हांहि निघाला होता. इ. स. १९३५ मध्यें अमेरिकेंतील पुस्तक-प्रकाशकांची संस्था आणि विद्वत्संस्थांची संयुक्त समिति यांच्यामध्यें एक समजूत झाली. ती कायदा नव्हती. म्हणून लोक तिला 'सभ्य गृहस्थांचा करार' म्हणत. अभ्यासकास खंड उसना देण्याऐवजीं, किंवा त्यानें हातानें उतरून घेण्याऐवजीं, ग्रंथालयानें नफा न घेतां त्याला एका भागाची एकच छायाप्रत करून द्यावी, एवढी मोकळीक तीत होती. पुस्तक विकत घेण्याचें टाळण्यासाठीं मात्र या सोयीचा उपयोग होऊं नये, असेंहि तीत म्हटलें होतें. समजूत चांगली होती. परंतु तिचें सारें माप हातानें नकल करण्याच्या कष्टावर बेतलेलें होतें. आपल्याकडे पोथी उतरून घेणाऱ्या विद्यार्थ्यावर कोणी कधीं दावा लावला नाहीं. कारण एक पोथी उतरण्यांत ज्याचे दोन महिने जातात, तो दुसरी उतरण्याच्या भानगडींत पडत नाहीं. श्रम हाच तेथें कायदा होता.

तो श्रम इ. स. १९५९ मध्यें संपला. चेस्टर कार्लसन यांनीं इ. स. १९३८ मध्यें कोरड्या पद्धतीनें छाप उठविण्याची जी युक्ति साधली होती, तिचें 'झेरॉक्स ९१४' हें यंत्र त्या वर्षीं बाजारांत आलें. साध्या कागदावर, बटण दाबतांच, कोणालाहि नकल काढतां येऊं लागली. तोंपर्यंत बिलिंग्ज यांच्या ग्रंथालयाचेंहि रूप बदललें होतें. इ. स. १९५६ मध्यें तें लष्कराकडून निघून 'नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन' झालें, आणि इ. स. १९६२ मध्यें बेथेस्डा येथें नव्या इमारतींत गेलें. तेथें चाकांच्या गाड्यांवर कॅमेरे बसवून त्या गाड्या कपाटांच्या रांगांमधून फिरवीत. लेखाचें चित्र जागच्या जागीं फितीवर घेत व मग यंत्रानें कागदावर उतरवीत. इ. स. १९६८ या एका वर्षांत इतर ग्रंथालयांकडून तेथें सुमारें १,२७,००० मागण्या आल्या, आणि त्यांपैकीं सुमारें १,२०,००० मागण्या नकला धाडून पुऱ्या करण्यांत आल्या. यांना नांव मात्र 'उसनवार' असेंच होतें. परत न येणाऱ्या वस्तूस उसनवार म्हणणें हा शब्दाचा थोडा छळच होय!

शेजारींच 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' ही सरकारी संशोधनसंस्था होती. बारा हजारांवर माणसें तेथें काम करीत. तिचें ग्रंथालय सुमारें तीन हजार नियतकालिकें घेई; ज्या मासिकांवरून पुढें वाद झाला त्यांच्या तर दोन दोन प्रती घेई, एक वाचनालयांत ठेवण्यास व एक फिरविण्यास. इ. स. १९७० मध्यें या ग्रंथालयानें ८५,७४४ मागण्यांवरून नकला दिल्या. त्यांचीं पानें सुमारें ९,३०,००० भरलीं.

बाल्टिमोर येथें 'विल्यम्स अँड विल्किन्स' ही वैद्यकीय नियतकालिकें काढणारी प्रकाशनसंस्था होती. तिच्या मासिकांचे वर्गणीदार लाखांनीं नव्हते, कांहीं हजारच होते. आणि मासिक चाले तें मुख्यतः वर्गणीवर. शंभर वर्गणीदार गेले तर मोठ्या वर्तमानपत्रास कळणारहि नाहीं. अशा मासिकास तें ताबडतोब जाणवतें. संस्थेनें सरकारी ग्रंथालयांकडे पानामागें थोडीशी रक्कम मागितली. ती मिळाली नाहीं. तेव्हां इ. स. १९६८ च्या फेब्रुवारींत तिनें दावा लावला. चार नियतकालिकांतील आठ लेख तिनें पुराव्यासाठीं निवडले. सरकारवर असा दावा केवळ वॉशिंग्टन येथील 'कोर्ट ऑफ क्लेम्स'मध्यें चाले आणि तेथें फक्त भरपाई मिळूं शके. नकला थांबविण्याचा हुकूम मिळत नसे. म्हणजे प्रकाशक जिंकला असता तरी डॉक्टराचा लेख बंद झाला नसता. संस्थेचें म्हणणेंहि तेंच होतें: नकला करा, पण मोल द्या. ही गोष्ट पुढच्या गोंगाटांत बरेच जण विसरले.

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत जीव होता. सरकारपक्ष म्हणे, हे लेख लिहिणारांस प्रकाशक एक कवडी देत नाहीं. त्यांतील पुष्कळसें संशोधन सरकारी पैशानें झालेलें. लेखकाला आपला लेख वाचला जावा एवढीच इच्छा. आणि एका लेखासाठीं सारा अंक विकत घ्या असें संशोधकास सांगणें म्हणजे संशोधन थांबविणें. प्रकाशक म्हणे, लेख निवडणें, तपासणें, छापणें, टपालांत घालणें हें काम फुकट होत नाहीं. ग्रंथालयें म्हणतात, आम्ही प्रत्येकास एकच प्रत देतों. परंतु हजार जणांस एकेक दिली म्हणजे हजार झाल्या. आणि हजार प्रती काढणाऱ्यास छापखाना म्हणतात.

ग्रंथालयें अगदींच बेबंद वागत होतीं असें मात्र नव्हे. एका मागणीस सुमारें चाळीस-पन्नास पानांची मर्यादा होती. नॅशनल लायब्ररीनें सहज उपलब्ध असणाऱ्या १०४ नियतकालिकांची एक यादी केली होती, आणि त्यांतील गेल्या पांच वर्षांचे लेख ती सामान्यतः देत नसे. पण या मर्यादा ग्रंथालयानें स्वतःच घातलेल्या होत्या, आणि वेळप्रसंगीं त्यांस अपवादहि होत. ज्याच्यावर मर्यादा घालावयाची त्यानेंच ती ठरवावी, हें प्रकाशकास कसें पटावें?

इ. स. १९७२ च्या फेब्रुवारींत कोर्टाचे कमिशनर जेम्स डेव्हिस यांनीं प्रकाशकाच्या बाजूनें अहवाल दिला, आणि अमेरिकेंतील ग्रंथपालांची झोंप उडाली. पुढें २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं सबंध न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं तो फिरविला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ऑस्कर डेव्हिस. दोघांचें आडनांव एकच, मतें उलट! त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: प्रकाशकाचें खरोखर नुकसान झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, नकला बंद पडल्या तर वैद्यकाचें व संशोधनाचें नुकसान होईल हें उघड आहे, इ. स. १९०९ चा जुना कायदा या यंत्रापुढें मुका आहे. तेव्हां कायदेमंडळ बोलेपर्यंत संकटाचा भार विज्ञानावर घालूं नये. विरुद्ध मत देणारे मुख्य न्यायमूर्ति कॉवेन यांना ही घाऊक नकल वाटली. न्यायमूर्ति निकोल्स तर याहून पुढें गेले. गुलामास कसलाहि हक्क नाहीं असें ठरविणारा इ. स. १८५७ चा ड्रेड स्कॉटचा निकाल अमेरिकेंत कलंक मानला जातो. कॉपीराइटच्या बाबतींत हा निकाल तसाच ठरेल, असें त्यांनीं लिहिलें. उपमा जड आहे. मासिकाच्या मालकाची व्यथा आणि गुलामाची व्यथा एका तागडींत बसत नाहींत. परंतु सुज्ञ न्यायाधीशांचा तोल किती ढळला होता, हें तीवरून कळतें.

प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. नऊ न्यायमूर्तींपैकीं ब्लॅकमन यांनीं भाग घेतला नाहीं. उरलेल्या आठांचीं मतें चार व चार अशीं पडलीं. मतें समसमान झालीं म्हणजे खालचा निकाल कायम राहतो, पण त्यापासून कोणतेंहि तत्त्व प्रस्थापित होत नाहीं. २५ फेब्रुवारी १९७५ रोजीं निकाल लागला. कारणमीमांसा एका ओळीचीहि नव्हती. सात वर्षांनंतर ग्रंथालय सुटलें, परंतु इतर हजारों ग्रंथपालांनीं उद्यां सकाळीं काय करावें, हें कोणीच सांगितलें नाहीं.

तें काम कायद्यानें केलें. १९ ऑक्टोबर १९७६ रोजीं नव्या कॉपीराइट कायद्यावर अध्यक्ष फोर्ड यांची सही झाली, आणि इ. स. १९७८ च्या आरंभापासून तो अमलांत आला. त्याच्या १०७ व्या कलमानें 'न्याय्य वापर' प्रथमच कायद्याच्या शब्दांत आणला. १०८ वें कलम खास ग्रंथालयांसाठीं आहे. एका अंकांतील एका लेखाची एक प्रत द्यावी. ती मागणाऱ्याच्या मालकीची व्हावी. ती खासगी अभ्यासाखेरीज दुसऱ्या कामासाठीं आहे असें ग्रंथपालास कळलेलें नसावें. आणि मागणी घेण्याच्या जागीं कॉपीराइटची सूचना ठळक लावलेली असावी. मुख्य अट पुढेंच आहे. दुसऱ्या ग्रंथालयाकडून नकला मागवाव्या, पण इतक्या नव्हेत कीं त्या वर्गणीची जागा घेतील.

'इतक्या' म्हणजे किती? कायद्यांत आंकडा नव्हता. कायदेमंडळानें नेमलेल्या एका आयोगानें तो सुचविला: एका नियतकालिकाच्या गेल्या पांच वर्षांच्या अंकांतून, एका वर्षांत, पांच प्रती. नोंद ठेवावयाची ती मागणाऱ्या ग्रंथालयानें, आणि वर्ष संपल्यावर पुढें तीन वर्षें ती जपावयाची. ही मार्गदर्शक सूचना आहे, कायदा नव्हे. तरी ग्रंथपालांनीं ती कायद्यासारखीच मानली. इतिहासाच्या अभ्यासकास ही मर्यादा क्वचितच जाणवेल, कारण त्याला जुने अंक चालतात. डॉक्टराला मात्र बहुधा गेल्या दोन-तीन वर्षांचाच लेख हवा असतो. म्हणून या पांचाच्या आंकड्याचा खरा भार रुग्णालयाच्या लहान ग्रंथालयावरच पडला. सहावी मागणी आली कीं ग्रंथपालानें एक तर वर्गणी भरावी किंवा प्रकाशकास मोबदला द्यावा. तो मोबदला गोळा करण्यासाठीं 'कॉपीराइट क्लिअरन्स सेंटर' निघालें, आणि पुष्कळ मासिकांत लेखाच्या पहिल्या पानाच्या तळाशीं नकलेची किंमत छापली जाऊं लागली. विल्यम्स अँड विल्किन्सनें जें मागितलें होतें, तें खटला हरल्यावर असें वाकड्या वाटेनें मिळालें.

या केंद्राचें वजन पुढें न्यायालयांतहि दिसलें. 'टेक्साको' या तेलकंपनीच्या एका शास्त्रज्ञानें आपल्या फायलींत मासिकांतील लेखांच्या नकला ठेवल्या होत्या. तेथेंहि वादाचे लेख आठच होते, हा योगायोगच. इ. स. १९९४ मध्यें अपील न्यायालयानें कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला, आणि मोबदला देण्याची सोय आतां हाताशीं आहे हें त्यांतील एक कारण होतें.

सरकारी पैशानें झालेलें संशोधन हा सरकारपक्षाचा मुद्दा मात्र त्या खटल्याबरोबर मेला नाहीं. नॅशनल लायब्ररीनें इ. स. २००० मध्यें 'पबमेड सेंट्रल' हा लेखांचा विद्युत्संग्रह उघडला. इ. स. २००८ पासून, नॅशनल इन्स्टिट्यूट्सच्या पैशानें झालेल्या संशोधनाचे लेख तेथें देण्याचें लेखकांवर बंधन आलें; ते प्रसिद्धीनंतर बारा महिन्यांच्या आंत सर्वांस खुले व्हावयाचे. ही बारा महिन्यांची मुदत म्हणजे मासिकाच्या वर्गणीसाठीं राखलेली जागा होती. १ जुलै २०२५ पासून स्वीकारल्या गेलेल्या लेखांपुरती तीहि काढून टाकण्यांत आली. इतर लेखांसाठीं, म्हणजे खासगी पैशानें वा इतर देशांत झालेल्या संशोधनासाठीं, रुग्णालयाच्या ग्रंथपालाची ती वही अजून चालूच आहे: मासिकाचें नांव, वर्ष, आणि पुढें एक ते पांच असे आंकडे.